घरचे मैदान आणि गर्दीचा कौल

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तापीच्या खोऱ्यात नरडाणा हे स्थानक लागते. काही वर्षांपूर्वी त्या बाजूच्या एका खेड्यात यात्रेनिमित्त भरलेला कुस्त्यांचा फड पाहण्याचा योग आम्हांस आला. शेवटच्या जोडीतील एक मल्ल गावचा, दुसरा परगावचा. गावच्या गड्याने नुसता शड्डू ठोकला तरी अहिराणीतून आरोळ्या उठत आणि हलगी कडाडू लागे. परक्याने सुरेख पकड साधली तरी चहूंकडे शांतता. अखेर परक्याची पाठ मातीस लागली की नाही, असा संशयाचा क्षण आला. पंचाने एकवार गर्दीकडे पाहिले आणि निकाल दिला. तो कोणाच्या बाजूचा होता, हे सांगावयास नकोच. परतताना आमच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला : ही कुस्ती मल्लाने जिंकली, की गर्दीने?

हा प्रश्न केवळ खानदेशातील खेड्यांचा नव्हे. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉलचा खेळ काढला, तो बंदिस्त व्यायामशाळेत खेळण्यासाठीच. त्यामुळे या खेळात प्रेक्षक अगदी मैदानाच्या कडेला, आणि वर छप्पर असल्याने घोष तेथल्या तेथेच घुमणारा. परक्या संघाचा गडी दंडाची फेक घ्यावयास उभा राहिला की टोपलीमागील मंडळी हात हालवून, ओरडून त्याचे चित्त विचलित करू पाहतात. गलक्यामुळे परक्याचा हात कापतो आणि घरच्याच्या अंगी बळ येते, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. प्रवासाचा शीण आणि मैदानाची ओळख यांचाही परिणाम होतोच. परंतु गर्दीचा खरा परिणाम आणखी एका व्यक्तीवर होतो, आणि ती व्यक्ती म्हणजे पंच.

२००२ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस पंचांना फुटबॉलच्या एकाच सामन्याची चित्रफीत दाखविण्यात आली. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाजावाचून. ज्यांच्या कानी गलका पडला, त्यांनी घरच्या संघाचे अपराध सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी धरले. खेळ तोच, डोळे तेच. फरक फक्त कानांचा. पुढे २०२० साली महामारीमुळे युरोपातील सामने रिकाम्या मैदानांवर खेळले गेले, तेव्हा पाहुण्या संघांस मिळणाऱ्या ताकिदींचे आधिक्य पुष्कळ घटले. पंच अप्रामाणिक असतो असा याचा अर्थ नव्हे. संशयाच्या क्षणी मनुष्य आधार शोधतो, आणि हजारो कंठांतून निघालेला आवाज त्यास पुराव्यासारखा भासतो, इतकेच.

आता आमच्या इतिहासाकडे वळू. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. घरचे मैदान कोणाचे होते? कायद्याने यजमानांचे, त्या जिमखान्याचे सभासदत्व देशी मनुष्यास खुले नव्हते. परंतु सभोवती लोटलेला समुदाय देशी होता. ज्यांना मंडपात आसन नव्हते, त्यांनीच आपल्या जयघोषाने परक्याचे अंगण घटकाभर आपले केले. घर जमिनीच्या मालकीने होत नसून माणसांच्या आपलेपणाने होते, हा त्या दिवसाचा धडा होय.

तथापि या धड्याला एक काळी किनार आहे. त्या विजयाचे एक प्रमुख शिल्पकार बाळू पालवणकर चर्मकार समाजातील होते. पुण्यास हिंदूंच्या संघातून खेळू लागले तेव्हा त्यांना चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. ज्यांच्या गोलंदाजीवर टाळ्या वाजत, त्यांच्या हातचा पेला विटाळाचा! १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले, आणि १९२३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. गर्दीचा जयघोष मनुष्याला मैदानावर घर देऊ शकतो. मंडपातील पंगतीत पान मांडावयाचे, तर त्यास घोष पुरत नाही, न्यायबुद्धी लागते.

गर्दीच्या अंगी दोन्ही स्वभाव असतात. १९९९ च्या जानेवारीत चेन्नईस पाकिस्तानने अवघ्या बारा धावांनी कसोटी जिंकली, तेव्हा तेथील प्रेक्षकांनी उभे राहून पाहुण्यांचे कौतुक केले. पुढल्याच महिन्यात कलकत्त्यास प्रेक्षक इतके खवळले, की त्यांना बाहेर काढून उरलेला सामना ओस मैदानावर संपवावा लागला. दोन्ही ठिकाणी घरचा संघ हरलाच. पण एका नगरीने हरूनही यजमानपण राखले. दुसरीने सामन्याबरोबर तेही गमावले.

म्हणून आमच्या मते दोष आवाजाला देऊ नये. मुक्या प्रेक्षकांपुढे खेळलेला खेळ म्हणजे मिठावाचून जेवण. ओरडावे, हलगी वाजवावी, फेटे उडवावेत. मात्र संशयाचा क्षण आला, पंचाची नजर आपल्याकडे वळली, की तेवढी घटका गप्प राहावे. आपल्या आवाजाने निकाल फिरू शकतो हे एकदा कळल्यावर, प्रेक्षकही एका परीने पंचच ठरतो. त्या खेड्यातील परका मल्ल अंगावरची माती झटकून मुकाट्याने निघून गेला. त्याच्या पाठीवर थाप मारावयास आम्हीही पुढे झालो नाही, ही रुखरुख आजही आमच्या मनास लागून आहे.