तेल-उपसा साधन, घरगुती निर्वात

छोट्या इंजिनातील वापरलेले वंगणतेल तळाचा ड्रेन बोल्ट न खोलता वरच्या तोंडातून ओढून काढण्यासाठी हाताने जुळवलेले साधन. हवाबंद भांडे, तेलात उतरणारी शोषनळी आणि भांड्यातील हवा काढून घेणारा पंप हे त्याचे तीन भाग. भांड्यातील दाब उतरला की बाहेरची हवा तेलाला नळीतून भांड्यात ढकलते. चार स्ट्रोकची छोटी जनित्रे, पाण्याचे पंप, गवतकापणीची यंत्रे आणि नौकांमध्ये कायम बसवलेली डिझेल इंजिने यांना ते उपयोगी पडते. नौकेत इंजिनाखाली तसराळे सरकवायला जागा नसते, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून तेल उपसणे हीच तेथील रूढ पद्धत आहे. दोन स्ट्रोकच्या इंजिनांत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने तेथे याचे काम नाही.

तत्त्व : समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. पूर्ण निर्वातात या दाबाने पाणी सुमारे १०.३ मीटर चढते आणि पाण्याहून हलके असलेले तेल त्याहीपेक्षा वर. इंजिनाच्या तळापासून भांड्याचे तोंड फार तर मीटरभर उंच असते; त्यामुळे चढाची अडचण येत नाही, अडवतो तो तेलाचा दाटपणा (श्यानता). गोटहिल्फ हागेन व झां प्वाझय यांनी १८३९–४० च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवल्याप्रमाणे अरुंद नळीतील संथ प्रवाह आतल्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, तर दाटपणा व नळीची लांबी यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो.

एसएई ३० प्रतीचे तेल २५ अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे पाचपट पातळ होते. भांड्यात अर्धा निर्वात, नळी १ मीटर लांब आणि तिचा आतला व्यास ४ मिमी धरला, तर ०.६ लिटर कोमट तेल यायला हिशेबाने सव्वा मिनिट लागते. थंड तेलाला सहा-सात मिनिटे. नळी ३ मिमीची घेतली तर कोमट तेलालाही चार मिनिटे लागतात. जोरदार पंपाच्या शोधात राहण्यापेक्षा डिपस्टिकच्या भोकात बसेल तेवढी जाड नळी घ्यावी आणि इंजिन आधी पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावे, हे अधिक फलदायी ठरते.

भांडे : रिकाम्या भांड्यात एकदा निर्वात केला की काम पुरते उरकावे, इतके भांडे मोठे असावे. ४ लिटरच्या भांड्यात दाब ५० किलोपास्कलवर आणला आणि ०.६ लिटर तेल आत आले, तर उरलेल्या ३.४ लिटर जागेत दाब ५९ पर्यंतच चढतो. ओढ टिकून राहते. लहान बाटलीत मात्र पुन्हापुन्हा पंप मारावा लागतो.

भांड्यावर येणारा भार सहज ध्यानात येत नाही. २० सेंमी व्यासाच्या झाकणावर अर्ध्या निर्वातात सुमारे १६० किलो वजनाइतका दाब पडतो. पाण्याची प्लास्टिक बाटली किंवा पातळ पत्र्याचा डबा त्याने चेपतो. काचेची बरणी फुटून तुकडे उडू शकतात, म्हणून ती वर्ज्य. जाड भिंतीचे हातफवाऱ्याचे भांडे चांगले चालते. आतून बसणाऱ्या झाकणाचा प्रेशर कुकर निरुपयोगी, कारण त्याचे झाकण वाफेच्या दाबाने वर दाबून घट्ट होते. निर्वातात ते खाली ओढले जाऊन सुटते.

पंप : सर्वांत स्वस्त मार्ग सायकलच्या हातपंपाचा. त्यातील चामडी वायसरचे तोंड खाली असते, त्यामुळे दांडा दाबताना तो नळकांड्याला चिकटतो. वायसर उलटा बसवला की तो दांडा ओढताना चिकटतो व दाबताना हवा वर सोडून देतो. सोबत एकमार्गी झडपही उलटवावी लागते, नाहीतर हवा भांड्यात परत शिरते. हातफवाऱ्याचा पंपही असाच फिरवता येतो. अगदी थोड्या तेलाला मोठी सिरिंज व नळी पुरते.

फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर उत्तम निर्वात देतो. पण त्यातील शीतकवायू ज्वलनशील असू शकतो, तो जाणकाराकडूनच काढून घ्यावा. तेल कॉम्प्रेसरमध्ये जाऊ नये म्हणून मध्ये आणखी एक रिकामी बाटली जोडतात.

नळ्या : शोषनळी नायलॉनची घ्यावी. मऊ सिलिकॉन नळी आतल्या आत चपटते, साधी पीव्हीसी नळी गरम तेलात लोळागोळा होते. नळीचे टोक तिरके कापले की तळाला चिकटून तोंड बंद होत नाही. सांध्यांना टेफ्लॉन टेप लावतात.

मर्यादा : तळाशी बसलेला गाळ व धातूचा चुरा बोल्ट खोलूनच नीट निघतो, असे काही मेकॅनिक मानतात, याबाबत एकमत नाही. नळी तळाच्या सखल कोपऱ्यापर्यंत पोहोचते की नाही, यावर बरेच अवलंबून असते.

पेट्रोल : विजेच्या पंपाने वा व्हॅक्यूम क्लीनरने पेट्रोल कधीही ओढू नये; वाफेला ठिणगी लागून स्फोट होतो.

ब्रेकचे द्रव : ग्लायकॉलयुक्त ब्रेक द्रवासाठी भांडे व नळी वेगळी ठेवतात, कारण खनिज तेलाचा अंशही ब्रेकमधील रबर फुगवतो.

विल्हेवाट : भारतात जळके ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे द्यावे.