कोबा, थंडीतला

सिमेंट, वाळू आणि खडी पाण्यात कालवून ओतलेली व वरून घोटलेली जमीन म्हणजे कोबा. बर्फाच्या मुलखात पाया गोठणाऱ्या मातीच्या खाली न्यावा लागतो. एवढे खणलेच आहे तर तळघर काढून घेतात आणि त्याची जमीनही अशीच ओततात. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांना ‘बेसमेंट’ लाभले ते या हिशेबाने.

तळेऱ्यात (ता. कणकवली) तळघराच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. पावसाळ्यात जांभ्यातून पाणी पाझरते. खड्ड्यात कोठी नव्हे, विहीर मिळायची. इथे जोते उचलायचे, आत भर घालून ती पाणी सोडून चोपायची, वर दगडांचा थर (सोलिंग) आणि मग कोबा.

भारतीय मानक 7861 (भाग 2) साधारण 5 अंश सेल्सिअस व त्याखालच्या तापमानाला काँक्रीटसाठी ‘थंड हवा’ मानते. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते आणि न आवळलेला माल आतून फाटतो. म्हणून गोठलेल्या जमिनीवर माल ओतत नाहीत. पाणी तापवतात, ओतल्यावर पांघरूण घालतात. बंद तळघरात धुराड्याविना शेगडी पेटवणे दुहेरी घातक: कार्बन मोनॉक्साइडने माणूस दगावतो आणि कार्बन डायऑक्साइडने ओल्या कोब्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होऊन पुढे पीठ सुटत राहते.

तळेऱ्याची थंडी त्या मानाने पाहुणी. तिने बिघडते ते घोटाईचे वेळापत्रक. पहाटेच्या गारव्यात सिमेंट, त्यातही राखमिश्रित, उशिरा आवळते. पाणी वर येऊन चकाकत राहते. गवंड्याला घरी जायची घाई असली की तो त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरवून थापी फिरवतो. दिसायला आरसा, वर्षभरात पापुद्रे. खरा उपाय थांबण्याचा. चकाकी मावळून पाऊल ठेवल्यावर जेमतेम ठसा उमटला की घोटायला घ्यावे, मग दिवा लावावा लागला तरी चालेल.

दुसरा वैरी कोरडा वारा. गारवा आहे म्हणून पाणी मारण्यात हयगय होते आणि केसासारख्या भेगा पडतात. मानक 456 साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, मिश्र सिमेंटला 10 दिवस ओल सांगते. कडेने मातीचे वाफे घालून पाणी तुंबवावे, नाहीतर ओले गोणपाट. भाताचा पेंढाही चालतो, फक्त गुरे दाराबाहेर हवीत.