बी मधोमध नसलेलं बोर : दीर्घिकेच्या केंद्राबाहेरच्या कृष्णविवरांचा शोध

मेहरूणमध्ये बोलायचं आणि बोराचं नाव काढायचं नाही, हे काही बरं दिसणार नाही. बोर खाल्लं की बी मधोमध सापडते. दीर्घिकांबद्दल खगोलशास्त्रज्ञांची समजूत बरीच वर्षं अशीच होती. मधोमध एक प्रचंड कृष्णविवर आणि भोवती तारे. आपल्या आकाशगंगेत ते तसंच आहे, सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं. पण एखाद्या दीर्घिकेत बी बाजूला सरकलेली असली तर? आणि आपण फक्त मधेच बघत राहिलो, तर ती सापडणार कशी? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, गणिताला लांबूनच नमस्कार करतो. पण या प्रश्नाच्या इतिहासाचा एक धागा आपल्या मराठी मुलखातून जातो, म्हणून हा विषय घेतला.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला तुमच्यापैकी बरेचजण गेले असतील. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, तसा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेखच आहे. ग्रह ज्या वर्तुळावर फिरतो, त्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रात नसतं, हे भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त सांगून ठेवलंय. यावरून त्यांना कृष्णविवरं ठाऊक होती, असं कृपा करून कुणी फॉरवर्ड करू नका! केंद्र सरकवायची वेळ ज्योतिषगणितावर पूर्वीही आली होती, एवढंच म्हणायचंय.

तर कृष्णविवर मधोमध का असतं? याचं मुख्य कारण चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या घर्षणाच्या कल्पनेत आहे. जड वस्तू ताऱ्यांच्या गर्दीतून जाते, तेव्हा तिच्या ओढीने मागच्या बाजूला तारे थोडे दाटतात आणि ते तिलाच मागे खेचतात. वेग कमी होत होत ती तळाशी, म्हणजे केंद्राशी जाऊन बसते. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की दोघींची कृष्णविवरं अशीच खाली येतात. म्हणजे कृष्णविवर बाजूला दिसलं, तर एक तर ते अजून वाटेत आहे, नाहीतर तिथे पोचून बाहेर फेकलं गेलंय.

‘बाहेर फेकलं जाणं’ म्हटलं की मला डॉ. जयंत नारळीकर आठवतात. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी एका क्वेसारची ताम्रसृती ओळखली आणि ताऱ्यासारखा दिसणारा तो ठिपका सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षं दूर निघाला. पुढे हॉल्टन आर्प दाखवू लागले की बरेच क्वेसार जवळच्या दीर्घिकांच्या शेजारी दिसतात. ते दूर नाहीतच, या दीर्घिकांनी बाहेर टाकलेले आहेत, असं त्यांचं म्हणणं. नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. १९८० मध्ये त्यांनी आणि पी. के. दास यांनी या म्हणण्याला सिद्धांताचा आधार दिला. दीर्घिकेच्या गाभ्यातून नवं द्रव्य बाहेर पडतं, त्याच्या कणांचं वस्तुमान सुरुवातीला कमी असतं, म्हणून त्याचा प्रकाश तांबडा दिसतो. बरं का, इथे त्यांना कृष्णविवर अभिप्रेत नव्हतं. कृष्णविवरांबद्दल ते शेवटपर्यंत साशंकच होते.

विरोधकांचा प्रश्न साधा होता. तो ठिपका या दीर्घिकेचा आहे, की मागे दूरवर असून योगायोगाने एका रेषेत आलाय? १९९०च्या दशकात हबल दुर्बिणीने अनेक क्वेसारांभोवती त्यांच्या स्वतःच्या दीर्घिका दाखवल्या. नारळीकर हा वाद हरले, असं माझं मत आहे. २० मे २०२५ रोजी ते गेले. आपण आदरापोटी हा भाग गाळतो, आणि मला ते बरोबर वाटत नाही. कारण ज्या प्रश्नावर ते हरले, तोच प्रश्न आज शोधकर्त्यांपुढे पुन्हा उभा आहे.

तिकडे १९७४ मध्येच सास्लॉ, वाल्टोनेन आणि आर्सेथ यांनी दुसरी वाट दाखवली होती. तीन कृष्णविवरं जवळ आली, की गोफणीतल्या दगडासारखं त्यातलं एक भिरकावलं जातं. हेच वाल्टोनेन पुढे ओ-जे २८७ या जोडीच्या मागे लागले. त्या कामात टाटा संस्थेचे गोपकुमार आणि लंकेश्वर डे होते. त्यांच्या गणिताने ३१ जुलै २०१९ चा भडका आधीच सांगितला आणि स्पिट्झर दुर्बिणीला तो चार तासांच्या फरकाने दिसला. तिथली दोन कृष्णविवरं अजून एकत्र आलेली नाहीत.

आली, की काय होतं? गुरुत्वीय लहरी एका बाजूला जास्त जोराने निघाल्या, तर नव्या कृष्णविवराला उलट दिशेला झटका बसतो. बार काढल्यावर बंदूक खांद्याला मारते ना, तसा. २००७ मध्ये संगणकावरच्या गणितांनी सांगितलं की हा झटका सेकंदाला काही हजार किलोमीटरचा असू शकतो. दीर्घिका सोडून जायला एवढा पुरे! कृष्णविवर आपल्याभोवतीचा वायू बरोबर घेऊन निघतं, म्हणून काही काळ झगमगत राहतं. नुसतं काळं असतं, तर शोधायची सोयच नव्हती.

मग शोध सुरू झाला. २००८ मध्ये स्टेफानी कोमोसा यांनी सेकंदाला २६५० किलोमीटरने पळणारा एक दावेदार जाहीर केला. पुढे त्याची दुसरी स्पष्टीकरणं निघाली, त्यात एक रेषेचा योगायोग हेही होतं. २०१७ मध्ये मार्को क्याबेर्गे यांच्या गटाने हबलच्या छायाचित्रात थ्री-सी १८६ हा क्वेसार आपल्या दीर्घिकेच्या केंद्रापासून सुमारे ३५ हजार प्रकाशवर्षं बाजूला असल्याचं दाखवलं. वेग सेकंदाला २१०० किलोमीटर, वस्तुमान शंभर कोटी सूर्यांहून जास्त. आजही तो भक्कम दावेदार आहे, पण दावेदारच.

२०२० मध्ये एमी राइन्स यांच्या गटाने १११ बुटक्या दीर्घिका रेडिओ दुर्बिणीने पाहिल्या. १३ ठिकाणी कृष्णविवराची दाट शक्यता दिसली आणि त्यातली बरीच केंद्राबाहेर होती. बुटक्या दीर्घिकेची ओढच कमी, त्यामुळे तिथे कृष्णविवर तळाशी बसतंच असं नाही. पण अधिक बारकाईने पाहिल्यावर काही ठिपके मागच्या दूरच्या दीर्घिकांचे असावेत असं दिसलं. बघा, पुन्हा तोच प्रश्न! केंद्रातल्या ठिपक्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू इथलाच का? बाजूच्या ठिपक्याला मात्र दाखला मागतात. तो मागावाच लागतो, कारण आकाशात मागचे ठिपके अगणित आहेत. पण त्या भीतीने केंद्रापुरतंच पाहिलं, तर सरकलेली कृष्णविवरं मोजणीत येणारच नाहीत, आणि मग सगळी मधेच असतात हे आपोआप खरं ठरेल. तर्कशास्त्रात याला आम्ही चक्रक दोष म्हणायचो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय. २०२३ मध्ये तिला केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली. इतक्या अजस्र कृष्णविवरांचा आवाज तिला ऐकू येणार नाही, तो मंद्र सप्तकाच्याही खालचा. त्यासाठी युरोपची ‘लिसा’ अंतराळात जायची आहे, साधारण २०३५ च्या आसपास. तोपर्यंत मी असेन की नाही सांगता येत नाही, पण पुढच्या रांगेतली ही शाळेची मुलं असतील. आधी त्यांचे प्रश्न घेऊ. माईक तिकडे द्या जरा.