राजाची काउंटी, राणीची काउंटी

आयर्लंडच्या नकाशाच्या मध्यभागी ऑफली आणि लीश या दोन काउंट्या एकमेकींना खेटून बसलेल्या आहेत. कुरणे, दलदली, लहान गावे. लीशबद्दल असे सांगतात, की तिला स्वतःला समुद्र नाहीच, पण तिला लागून असलेल्या एकाही काउंटीला नाही. प्रवासी वाटेत चहा घेऊन पुढे जावेत असा हा मुलूख. पण नावांचा इतिहास शोधू पाहणाऱ्याने येथे थांबावे.

ही दोन्ही नावे मूळची भूमीची नव्हेत, माणसांची आहेत. लोइगिस हे एका जनसमूहाचे नाव, त्यावरून लीश. 'ई फॉल्गे' म्हणजे फॉल्गेचे वंशज, त्यावरून ऑफली. लीशमध्ये ओ'मोर आणि ऑफलीत ओ'कॉनर या घराण्यांची सत्ता होती. डब्लिनच्या इंग्रज सत्तेला या दोघांचा उपद्रव फार. १५४८ च्या सुमारास त्यांच्या प्रदेशात दोन किल्ले उभे राहिले, आणि १५५६-५७ मध्ये मेरी ट्यूडरच्या कारकिर्दीत कायदा होऊन हा मुलूख इंग्रजी पद्धतीच्या दोन काउंट्यांत बांधला गेला. लीशची झाली 'क्वीन्स काउंटी', ऑफलीची 'किंग्ज काउंटी'. किल्ल्यांभोवतीच्या वसाहती मेरीबरो आणि फिलिपस्टाउन झाल्या.

यातला राजा म्हणजे मेरीचा पती, स्पेनचा दुसरा फिलिप. त्याने आयर्लंडच्या भूमीवर कधी पाऊल ठेवले नाही. तरी पुढे तीन शतकांहून अधिक काळ तेथील शेतकरी स्पेनच्या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काउंटीत जन्मत आणि मरत राहिला. आयर्लंडमधील भूमिहरणाची कथा आपण बहुधा प्रॉटेस्टंट विरुद्ध कॅथलिक अशी वाचतो. परंतु जमीन काढून घेऊन तेथे वसाहतकरी बसवण्याच्या या पहिल्या मोठ्या योजनेला कायद्याचे रूप आले ते एका निष्ठावंत कॅथलिक राणीच्या नावाने. धर्म एक असूनही जमीन वाचली नाही.

नाव बदलल्याने मुलूख शांत झाला नाही. ओ'मोर लढत राहिले. १५७८ च्या सुमारास मलामास्ट येथे बोलणीच्या निमित्ताने बोलावून त्यांच्यातील आणि शेजारच्या घराण्यांतील अनेकांची कत्तल करण्यात आली. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात लीशमधील सात कुळांना दूर नैर्ऋत्येस केरी काउंटीत हलवण्याचा उपाय योजला गेला. ज्यांच्या पूर्वजांचे नाव भूमीने धारण केले होते, त्यांनाच भूमीपासून तोडण्याचा हा प्रकार.

१९२० मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, दोन्ही काउंटी परिषदांनी राजा-राणीची नावे टाकून जुनी नावे घेतली. फिलिपस्टाउन पुन्हा डँगन झाले, मेरीबरो पोर्टलीश झाले. येथे एक गंमत आहे. डँगन म्हणजे गढी, आणि ती ओ'कॉनरांची. पोर्टलीश म्हणजे लीशचा किल्ला. हा किल्ला मात्र ट्यूडरांनी बांधलेला! राणीचे नाव पुसले, पण तिच्या घराण्याचा किल्ला आयरिश नावात जाऊन बसला.

आपल्याकडे १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तेव्हा एका किल्ल्याच्या जागी दुसरा आला. दोन्ही मराठ्यांच्याच इतिहासातले, त्यामुळे ते स्थित्यंतर सौम्य होते. लीश-ऑफलीत परक्या नावाखाली साडेतीन शतके गेली होती. असो.

नावे परत आली तरी सीमा परतल्या नाहीत. आजच्या ऑफलीचा नैर्ऋत्येकडील भाग पूर्वी ओ'कॉनरांचा नव्हताच. तो ओ'कॅरल घराण्याच्या एली प्रदेशातून सतराव्या शतकाच्या आरंभी जोडलेला. तेथला रहिवासी आज अभिमानाने स्वतःला ऑफलीचा म्हणवतो. उलट मूळ ऑफलीचा पूर्वेकडील भाग किल्डेअर काउंटीत राहिला. आपल्या परगण्यासारखे जे जुने महसुली विभाग तेथे होते, त्यांना बॅरनी म्हणत. त्यांची यादी चाळली तर पूर्व ऑफली आणि पश्चिम ऑफली अशा दोन बॅरनी सापडतात. त्या दोन्ही किल्डेअरमध्ये आहेत.