७९.९ मेगावॅट : न्यूयॉर्कच्या ‘छोट्या’ वीजकेंद्रांची गोष्ट

१/ कायद्याची मर्यादा होती ८० मेगावॅट. केंद्रे उभी राहिली ७९.९ मेगावॅटची. दशांश चिन्हापुढच्या या एका अंकामुळे २००१ साली न्यूयॉर्क शहरातील गरीब वस्त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्या अंकाचा हा इतिहास.

२/ विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. कडक उन्हाळ्याच्या दुपारी लाखो वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू होतात आणि मागणी शिखर गाठते. वाफेवरची मोठी केंद्रे थंड अवस्थेतून सुरू व्हायला कित्येक तास घेतात. गॅस टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण ताकदीने फिरू लागते. म्हणून वर्षातले मोजकेच तास चालवण्यासाठी छोटी केंद्रे राखून ठेवतात. त्यांना ‘पीकर’ म्हणतात.

३/ ही कल्पना जुनी आहे. १९३९ साली स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथे ब्राउन बोव्हेरी कंपनीने ४ मेगावॅटचे गॅस टर्बाइन उभारले. सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठीचे ते जगातील पहिले टर्बाइन मानले जाते, आणि तेही राखीव म्हणूनच होते. इंधनातील उष्णतेपैकी जेमतेम १७ टक्के उष्णतेची वीज होत असे. क्वचित चालणाऱ्या यंत्राचा हा दोष क्षम्य ठरला. ‘थोडाच वेळ तर चालते’ हे समर्थन पीकरला जन्मापासून चिकटले आहे.

४/ ९ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात बुडाला. सुमारे ३ कोटी लोकांची वीज गेली. बंद पडलेली मोठी केंद्रे पुन्हा सुरू करायलाही बाहेरून वीज लागते, हे त्या रात्री उमगले. त्यानंतर शहरांच्या आत छोटी टर्बाइने झपाट्याने वाढली. ब्रुकलिनच्या गोवानस किनाऱ्यावर तर १९७०च्या दशकात ती तराफ्यांवर तरंगत उभी राहिली.

५/ २००० साली कॅलिफोर्नियात विजेचे संकट उसळले. न्यूयॉर्कलाही पुढच्या उन्हाळ्यातील टंचाईची धास्ती वाटू लागली. राज्याच्या मालकीच्या न्यूयॉर्क पॉवर ऑथॉरिटीने तातडीचा उपाय म्हणून सात ठिकाणी ११ गॅस टर्बाइने बसवली. ‘एलएम६०००’ हे त्यांचे नाव. बोइंग ७४७ विमानांना लागणाऱ्या जेट इंजिनापासून बेतलेले.

६/ यांपैकी दहा टर्बाइने न्यूयॉर्क शहरात आली आणि त्यांतली चार एकट्या दक्षिण ब्रॉंक्समध्ये. इतर केंद्रे ब्रुकलिनमधील सनसेट पार्क, विल्यम्सबर्ग अशा जुन्या औद्योगिक किनाऱ्यांवर होती. दक्षिण ब्रॉंक्स आणि सनसेट पार्क येथे मुख्यतः लॅटिनो व कृष्णवर्णीय श्रमिकांची वस्ती. मालमोटारींचा धूर आणि दम्याचा त्रास तेथे आधीपासूनच होता.

७/ राज्याच्या कायद्यानुसार ८० मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या केंद्राला सविस्तर स्थळ-परवानगी आवश्यक होती. एका टर्बाइनची क्षमता ४० मेगावॅटहून अधिक. दोन जोडली की मर्यादा ओलांडली जाणार. म्हणून जोडीचे उत्पादन ७९.९ मेगावॅटवर रोखण्यात आले आणि ती दीर्घ चौकशी टळली.

८/ मग या केंद्रांच्या धुराचे काय? न्यायाने सांगायचे तर नैसर्गिक वायू कोळशापेक्षा पुष्कळ स्वच्छ जळतो, आणि या टर्बाइनांना नायट्रोजन ऑक्साइड घटवणारी उत्प्रेरक यंत्रणाही होती. परंतु उत्प्रेरक तापल्याशिवाय काम करत नाही. पीकरची तर वारंवार चालू-बंद होत असते. शिवाय नायट्रोजन ऑक्साइडपासून जमिनीलगतचा ओझोन बनतो तो कडक उन्हात, म्हणजे पीकर सर्वाधिक चालतात त्याच दिवशी. वार्षिक सरासरीत अल्प दिसणारा धूर नेमका वाईट वेळी बाहेर पडतो.

९/ १९६६ पासून सनसेट पार्कमध्ये कार्यरत असलेली ‘अपरोझ’ ही संघटना इतरांसह न्यायालयात गेली. मुद्दा होता २.५ मायक्रोमीटरहून बारीक कणांचा; हे कण फुफ्फुसात खोलवर शिरतात. ऑथॉरिटीने त्यांचा स्वतंत्र अभ्यास केलाच नव्हता. मोठ्या कणांचे निकष पाळले म्हणजे पुरे, असा तिचा पवित्रा होता. २००१ मध्येच अपील न्यायालयाने तो अमान्य करून पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार करण्याचा आदेश दिला. टर्बाइने मात्र तत्काळ थांबली नाहीत.

१०/ २०११ साली राज्याने नवा कायदा केला आणि ८० मेगावॅटची मर्यादा २५ वर आणली. ७९.९च्या पळवाटेला जागा उरली नाही; परंतु उभी असलेली केंद्रे उभीच राहिली. अखेर २०२३च्या कायद्याने ऑथॉरिटीला आपली ही छोटी गॅसकेंद्रे २०३० अखेरपर्यंत बंद करण्यास सांगितले, तेही पुरवठा धोक्यात येणार नसेल तर.

११/ त्या अटीचे वजन त्याच वर्षी कळले. नायट्रोजन ऑक्साइडच्या नव्या नियमांमुळे गोवानसचे खासगी मालकीचे तराफे २०२५ मध्ये थांबायचे होते; नोव्हेंबर २०२३ मध्ये वीजजाळ्याच्या संचालकांनी टंचाईच्या भीतीने त्यांना मुदतवाढ दिली. भीती खोटी नव्हती. २००१ मध्येही ती खोटी नव्हती. शहराची गरज खरी असते, तातडीही खरी असते. पण त्या तातडीची किंमत दर वेळी त्याच वस्त्यांच्या श्वासातून वसूल होते. ‘छोटे’ आणि ‘तात्पुरते’ हे शब्द सरकारी कागदावर दिसले की ते कोणाच्या दारात आणि किती वर्षे टिकले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य तपासावे.