धम्मलिपीतील ग्रामकपोत

अंगणातील पाखरांना दाणे घालणे हे आपल्याकडे पुण्यकर्म समजले जाते. सम्राट अशोकाने पाखरांचे रक्षण राजाज्ञेत आणले, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची सूची आहे. तिचा आरंभ शुक व सारिका यांनी होतो. पुढे चक्रवाक व हंस येतात आणि शेवटाकडे श्वेतकपोतासोबत ग्रामकपोत येतो. ग्रामकपोत म्हणजे गावातले, वळचणीला घुमणारे साधे कबूतर! हंसाच्या पंक्तीत त्यालाही अभय मिळाले.

याच लेखात जीवजंतू असलेले भूस जाळू नये, निष्कारण अथवा हिंसेसाठी वने पेटवू नयेत, एका जीवावर दुसरा जीव पोसू नये, अशाही आज्ञा आहेत. सातवा लेख केवळ तोपरा येथील स्तंभावर आहे. तो स्तंभ आज दिल्लीत फिरोजशाह कोटल्यात उभा आहे. पशूंना व माणसांना सावली मिळावी म्हणून मार्गांवर वड लावले, विहिरी खोदविल्या, असे त्यात नमूद आहे. वडाची फळे कोण खाते, हे खेड्यातील वाचकांस सांगावयास नको.

तथापि धम्मलिपी सबंध वाचावयास हवी. त्यापूर्वीच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेत अद्याप दोन मोर व एक हरिण मारले जातात, अशी कबुली असून पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे वचन आहे. स्तंभलेखाच्या सूचीत मात्र मोराचे नाव आढळत नाही.