एका नावाखाली अनेक व्याधी : सांधेदुखीच्या निदानाचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने सांधेदुखीसारखा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. माझ्या नावामागे 'डॉक्टर' ही उपाधी असली, तरी ती औषध देणाऱ्याची नव्हे. परंतु या रोगांचा इतिहास वाचू लागले की ध्यानात येते, त्यातील पुष्कळसे वाद मुळात नावांचे आहेत. आणि नाव हा भाषेच्या अभ्यासकाचा प्रांत आहे. आपल्याकडे गुडघा दुखो, बोटे सुजोत की कंबर धरो, 'वात' हा एकच शब्द तिन्हींना पुरतो. शेजारच्या हिंदीत 'गठिया' हेच काम करतो. या एका शब्दाखाली किती भिन्न व्याधी दडल्या आहेत आणि त्या वेगळ्या ओळखण्यास किती शतके लागली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आपले प्राचीन ग्रंथकार या बाबतीत लोकभाषेपेक्षा पुष्कळच काटेकोर होते. चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात संधिगत वात येतो, तर वातरक्ताला स्वतंत्र अध्याय आहे. वातरक्ताचे एक पर्यायी नाव 'आढ्यवात' असे आहे. आढ्य म्हणजे धनवान. सुखवस्तू, सुकुमार माणसांचा हा रोग, अशी त्यामागची समजूत. आणि युरोपातही 'गाऊट'ची ख्याती नेमकी हीच होती! आमवाताला मात्र स्वतंत्र अध्याय दिला तो माधवकराने, सुमारे सातव्या-आठव्या शतकातील आपल्या 'रोगविनिश्चय' ऊर्फ 'माधवनिदान' या ग्रंथात. नीट न पचलेल्या अन्नातून उत्पन्न होणारा 'आम' वातासह सांध्यांत जाऊन बसतो, अशी त्याची उपपत्ती. हातपाय, घोटे, गुडघे सुजतात, अंगात ज्वर असतो आणि विंचू डसल्याप्रमाणे वेदना होतात, असे तो नोंदवितो. साध्य, याप्य आणि कष्टसाध्य असे भेदही तो करतो. याप्य म्हणजे उपचार चालू असेतो आटोक्यात राहणारा. हा शब्द आजच्या वैद्यकालाही उसना घ्यावासा वाटेल इतका नेमका आहे.

माधवकराचा आमवात म्हणजे आजचा कोणता रोग, यावर मात्र विद्वानांत एकमत नाही. काही त्यास 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' मानतात, तर काही 'रुमॅटिक फीव्हर'. हा वाद केवळ पंडितांचा नाही. रुमॅटिक फीव्हर बहुधा शाळकरी वयात, घशाच्या जंतुसंसर्गामागून येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात, आणि ते टाळण्यासाठी वर्षानुवर्षे पेनिसिलिन द्यावे लागते. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते; तेथे पेनिसिलिनचा काही उपयोग नाही. नाव चुकले की औषध चुकते, ते असे.

आपल्या बुऱ्हाणपुरात आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही शास्त्रांची महाविद्यालये आहेत, म्हणून युनानी परंपरेचाही उल्लेख येथे उचित ठरेल. सांध्यांच्या वेदनेला हकीम 'वजा-उल-मफासिल' म्हणतात आणि त्यातून 'नक्रिस' म्हणजे गाऊट वेगळा काढतात. त्यांचे यावरील प्रसिद्ध औषध सूरंजान. त्याच जातीच्या वनस्पतीतून 1820 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कोल्चिसिन वेगळे केले, आणि गाऊटच्या झटक्यावर ते आजही दिले जाते.

पाश्चात्त्य वैद्यकातही नावांचा हा गोंधळ फार जुना आहे. 1800 मध्ये पॅरिसच्या लांद्रे-बोव्हे याने नऊ स्त्रियांच्या व्याधीचे वर्णन केले; पण तो त्या व्याधीस गाऊटचाच एक प्रकार समजला. 1848 मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड याने गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले दाखविले आणि 1859 मध्ये दुसऱ्या व्याधीस 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिले. एका नावाची दोन झाली, आणि खऱ्या अर्थाने विचारास वाट मिळाली.

उपचारांची वाट तरीही सरळ नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी दात व टॉन्सिल यांत लपलेला जंतुसंसर्ग हेच कारण मानले गेले आणि असंख्य रोग्यांचे निरोगी दात उपटले गेले. 1929 मध्ये जाक फॉरेस्तिए याने सोन्याचे क्षार वापरले, ते हा रोग क्षयासारखा असावा या कल्पनेने. कल्पना चुकीची, औषध मात्र काही अंशी गुणकारी ठरले! 1948 मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच याने कॉर्टिसोन दिले, तेव्हा खिळलेले रोगी काही दिवसांत चालू लागले. 1950 मध्ये त्याबद्दल नोबेल पारितोषिकही मिळाले. पुढे दीर्घ वापराचे दुष्परिणाम दिसू लागले आणि जयघोष ओसरला. आजही 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ आढळते. झटपट मिळालेल्या आरामाची किंमत मागाहून हाडे आणि रक्तशर्करा चुकवतात.

आज मुख्य मानले जाणारे औषध मेथोट्रेक्सेट. अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेतून या वर्गातील औषधे पुढे आली, तेथील संशोधनाचे नेतृत्व भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. 1948 मध्ये ते निवर्तले. सांधेविकारात या औषधाची उपयुक्तता निर्विवाद ठरण्यास 1985 साल उजाडावे लागले. हे औषध सांधेविकारात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास प्राणावर बेतू शकते. आयुर्वेदिक उपचार आणि मेथोट्रेक्सेट यांची तुलनाही झाली आहे. कोइम्बतूर येथील, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोहोंचे परिणाम जवळपास सारखे दिसले. परंतु रोगी अवघे 43 होते. त्यावरून निवाडा देता येत नाही. तरी एकमेकांना नावे ठेवण्यापेक्षा एकाच तराजूत तोलणे, हा वादाचा सुसंस्कृत मार्ग होय.

नावाचे महत्त्व महाराष्ट्रातील एका पाहणीने स्पष्ट होते. 1996 मध्ये पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन 4,092 प्रौढांची विचारपूस केली. 746 जणांना, म्हणजे 18.2 टक्क्यांना, सांधे-स्नायूंचे दुखणे होते. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस मात्र सुमारे अर्धा टक्का लोकांनाच आढळला. म्हणजे दुखणाऱ्या शंभरांत जेमतेम तिघे! उरलेल्यांत कोणाची झीज, कोणाचा कष्टाचा ताण. भर पडते ती साथींची. 1973 मध्ये बार्शीस आणि 2006 मध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी चिकुनगुनियाने सांधे धरले, काहींचे महिनोन्‌महिने.

त्या शंभरांतील तिघांना निवडणे हेच खरे निदान. केवळ रक्ततपासणीने ते होत नाही. 1940 मध्ये वालर याने शोधलेला आणि पुढे 'रुमॅटॉइड फॅक्टर' म्हणून ओळखला गेलेला घटक निरोगी माणसातही सापडतो, आणि काही रोग्यांत सापडत नाही. सकाळी तासभर न सुटणारा आखडलेपणा, दोन्ही हातांच्या लहान सांध्यांची सूज, सहा आठवडे उलटूनही न ओसरणारी, ही चिन्हे बोटांनी चाचपूनच कळतात. पूर्वी सौम्य औषधांनी आरंभ करून प्रभावी औषध शेवटी देत. 1990 नंतर हा क्रम उलटला, कारण पहिल्या काही महिन्यांतच सांध्याची कायमची हानी सुरू होते, असे दिसून आले.

या रोगाने स्त्रिया पुरुषांहून अधिक ग्रस्त होतात. केळीच्या बागेत, कापसाच्या वेचणीत वा चुलीपाशी राबणारे हात सुजले, की 'वात आहे, चालायचेच' असे म्हणून घरचे निश्चिंत होतात. त्या एका शब्दात ते मोलाचे महिने निघून जातात. शब्द समजूत घालतो. निदान प्रश्न विचारते. 'वात' म्हटल्यावर 'कोणता वात?' असे विचारण्याची शिस्त माधवकराने बाराशे वर्षांपूर्वी आखून दिली होती. ती घरोघर रुजावी, एवढीच विनंती करतो.